‘जागा गेली कालच’: रिचमंडमधल्या एका खोट्या उत्तराचा खटला

भाड्याने घर शोधणाऱ्याच्या कानावर सगळ्यात जास्त पडणारं वाक्य डिपॉझिटचं नसतं. "अहो, ती जागा गेली कालच," हे ते वाक्य. पुण्यात एका मुसलमान सहकाऱ्यासाठी मी एकदा फोनाफोनी केली होती. त्याने सकाळी एजंटला फोन लावला, नाव सांगितलं, तर जागा गेलेली. दुपारी त्याच नंबरवर मी फोन केला आणि आडनाव सांगितलं, तर एजंट सहा वाजता चावी घेऊन यायला तयार. वर "सोसायटी एकदम चांगली, सगळी आपलीच माणसं" ही पुस्ती. आम्ही दोघं नकळत एक चाचणी करून बसलो होतो, पण तिचं पुढे करायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. टपरीवर चहा घेतला आणि दुसरी जाहिरात उघडली.

नेमक्या अशाच दोन परस्परविरोधी उत्तरांवरून अमेरिकेत एक खटला उभा राहिला आणि थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘हेवन्स रियल्टी कॉर्पोरेशन विरुद्ध कोलमन’, निकाल २४ फेब्रुवारी १९८२. घरभाड्यातल्या भेदभावाचं हे काही सगळ्यात भीषण प्रकरण नव्हे. कुणाचं सामान रस्त्यावर फेकलं नाही, कुणाला मारहाण झाली नाही. ज्या बाईंच्या नावाने खटला ओळखला जातो त्यांना तर ते घर नकोच होतं. म्हणूनच तो बारकाईने बघण्यासारखा आहे.

काय घडलं

रिचमंड ही व्हर्जिनिया राज्याची राजधानी. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचीही राजधानी हीच. शहराला लागून हेन्रिको काउंटी आहे. शहर वाढलं की बाहेर जी उपनगरी वस्ती पसरते, तशी ही. तिथे हेवन्स रियल्टी या कंपनीची भाड्याने द्यायच्या घरांची दोन संकुलं होती: कॅमलॉट टाउनहाउसेस आणि कलोनिअल कोर्ट अपार्टमेंट्स.

रिचमंडमध्ये १९७१ पासून एक संस्था काम करत होती, ‘हाउसिंग ऑपॉर्च्युनिटीज मेड इक्वल’. आद्याक्षरं जोडली की ‘होम’ होतं. घर शोधणाऱ्यांना सल्ला द्यायचा, भेदभावाच्या तक्रारी आल्या तर तपासायच्या, गरज पडली तर योग्य ठिकाणी पाठवायचं, असं तिचं काम. १९७८ मध्ये तिचे साधारण ६०० सभासद होते, काळे आणि गोरे दोन्ही.

हेवन्सची घरं तपासायला या संस्थेने दोन माणसं पाठवली: सिल्विया कोलमन, या कृष्णवर्णीय, आणि केंट विलिस, हे गोरे. (विलिस पुढे नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूच्या व्हर्जिनिया शाखेचे बरीच वर्षं प्रमुख होते.) अशा माणसांना तिकडे ‘टेस्टर’ म्हणतात. रीत साधी असते. दोघांची मिळकत, कुटुंब, घराची गरज कागदावर सारखी दाखवायची. थोड्या वेळाच्या अंतराने वेगवेगळं जायचं आणि तोच प्रश्न विचारायचा. बाहेर पडल्यावर, दुसऱ्याशी एक शब्दही बोलण्याआधी, कोण काय म्हणालं ते लिहून काढायचं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक राहतो तो फक्त कातडीचा.

१४ मार्च १९७८. कोलमन यांना सांगितलं गेलं, रिकामं घर नाही. विलिस यांना सांगितलं गेलं, आहे. २१ मार्चला तेच. २३ मार्चला पुन्हा तेच. तीन वेळा एकच गोष्ट होते तेव्हा "रजिस्टर बघताना चूक झाली असेल" ही सबब उरत नाही. ६ जुलैला कोलमन पुन्हा गेल्या. कॅमलॉटमध्ये जागा नाही, असं उत्तर मिळालं, आणि त्याच दिवशी दुसऱ्या एका गोऱ्या टेस्टरला नेमकं उलट.

मग आठवड्याभरात, १३ जुलैला, पॉल कोल्स नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ कॅमलॉटमध्ये घर विचारायला गेले. हे टेस्टर नव्हते. यांना खरोखरच घर हवं होतं. त्यांनाही तेच उत्तर: नाही.

जानेवारी १९७९ मध्ये कोल्स, कोलमन, विलिस आणि होम ही संस्था, असे चौघे वादी मिळून केंद्रीय जिल्हा न्यायालयात गेले. प्रतिवादी हेवन्स कंपनी आणि तिची एक कर्मचारी. आरोप ‘रेशियल स्टिअरिंग’चा. म्हणजे गिऱ्हाइकाचा वर्ण बघून त्याला एका संकुलाकडून दुसरीकडे, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत वळवत राहायचं. तोंडाने "तुम्हाला देणार नाही" असं कुणी म्हणत नाही. गाडीचं चाक हलकेच फिरवावं तसं माणसाला फिरवलं जातं आणि बहुतेकदा फिरवलं गेल्याचं त्याला कळतही नाही. आपल्याकडे एजंट "तुमच्यासाठी त्या बाजूला बघू या, तिकडे तुमची माणसं आहेत" म्हणतो ना, तेच हे.

कायदा काय म्हणत होता

‘फेअर हाउसिंग ॲक्ट’वर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६८ रोजी सही केली. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन जेमतेम आठवडा झाला होता. विधेयक त्याआधी कित्येक महिने रखडलं होतं आणि रस्त्यावर शहरं पेटलेली असताना ते घाईने मंजूर झालं. घाईचे व्रण अंगावर राहिले. सरकारी खात्याच्या हातात समजूत घालण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. स्वतः कोर्टात जायचं तर मुदत अवघी १८० दिवसांची. घरमालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि तिथे चारापेक्षा जास्त बिऱ्हाडं नसतील, तर त्याला बरीचशी सूट. अमेरिकेत या सवलतीला गमतीने ‘मिसेस मर्फी’ची सवलत म्हणतात, म्हणजे दोन खोल्या भाड्याने देऊन पोट भरणारी एखादी विधवा डोळ्यांसमोर ठेवून दिलेली. "मालक वरच राहतात, म्हणून जरा बघून देतात" हे वाक्य पुण्यातल्या बंगल्यांबाहेर ऐकलेल्यांना ही मर्फीबाई ओळखीची वाटेल.

पण त्याच कायद्याच्या कलम ८०४ मध्ये एक उपकलम कमालीचं नीट लिहिलं गेलं होतं. पहिलं उपकलम, (अ) म्हणू या, खरी मागणी घेऊन आलेल्याला वर्णावरून घर नाकारण्याबद्दल आहे. त्यात ‘बोना फाइड’ म्हणजे प्रामाणिक मागणीची अट स्पष्ट लिहिलेली आहे. चौथं उपकलम, (ड), वेगळंच बोलतं: घर उपलब्ध असताना ते उपलब्ध नाही असं वर्णावरून ‘कोणत्याही व्यक्तीला’ सांगणं बेकायदेशीर. इथे प्रामाणिक मागणीची अट नाही. भाडेकरू, खरेदीदार असलेही शब्द नाहीत. नुसतं कोणतीही व्यक्ती.

सगळा खटला या दोन उपकलमांमधल्या फरकावर लढला गेला. शेजारशेजारच्या दोन कलमांत एकात अट आहे आणि दुसऱ्यात नाही, तर ती लिहायची राहून गेली की मुद्दाम लिहिली नाही?

घर नको होतं, मग तुमचं बिघडलं काय?

जिल्हा न्यायालयाने कोलमन, विलिस आणि होम यांचे दावे दारातूनच परत पाठवले. यांना दावा करायचा अधिकार नाही, शिवाय मुदतही उलटून गेलेली. आपल्याकडचे वकील ज्याला ‘लोकस’ म्हणतात तोच मुद्दा. कोल्स यांचा दावा वेगळा पुढे गेला, त्यांना घर हवं होतं हे उघडच होतं. अपिलात फोर्थ सर्किट न्यायालयाने तो आदेश उलटवला, आणि हेवन्स सर्वोच्च न्यायालयात आली.

कंपनीचा युक्तिवाद वरवर बघता बिनतोड वाटतो. कोलमन यांना घर भाड्याने घ्यायचंच नव्हतं. खोटं उत्तर मिळेल या अपेक्षेनेच त्या गेल्या होत्या, आणि मिळालंही. मग त्यांचं नुकसान काय झालं? ज्याला भूक नाही त्याला जेवायला वाढलं नाही म्हणून तो उपाशी राहिला असं कसं म्हणायचं?

त्यात एक न बोललेला सूरही आहे. खोटं तर टेस्टरच बोलत होते. घर हवं असल्याचं सोंग घेऊन आले होते ते.

हा सूर ऐकला की मला बडोदा आठवतं. १९१७ साली डॉ. आंबेडकर अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून शिकून संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, आणि राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी खानावळीत ते पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांनी पारशी मंडळी काठ्या घेऊन दारात उभी राहिली आणि त्यांना तिथून निघावं लागलं. त्या गोष्टीतही कुणीतरी खोटं नाव सांगितलेलं आहे. पण ते खोटं ज्याला बोलावं लागलं आणि ज्याच्या नियमामुळे बोलावं लागलं, हे दोघं एका तागडीत तोलता येत नाहीत. टेस्टरने घर हवं असल्याचं सोंग घेतलं तरी रिकामी खोली रिकामीच असते. तिच्याबद्दल खरं सांगायला कंपनीला कुणी अडवलं नव्हतं.

न्यायमूर्ती ब्रेनन यांनी न्यायालयाचा एकमताचा निकाल लिहिला आणि त्यात या सोंगाचा बाऊ केला नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कायद्याने प्रत्येक व्यक्तीला घराच्या उपलब्धतेबद्दल खरी माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. वर्णावरून खोटी माहिती दिली तर त्याच क्षणी तो हक्क मोडला. खोटं ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून माणूस आला असला तरी त्याने खोटं ऐकलं ही गोष्ट बदलत नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द संसदेने बघून-सवरून लिहिले आणि ‘प्रामाणिक मागणी’ हे शब्द बघून-सवरूनच वगळले, असंच न्यायालयाने मानलं.

म्हणजे इजा झाली ती घर हुकल्याची नव्हे. खोटं कानात पडणं हीच इजा. मला हा सगळ्या प्रकरणातला गाभा वाटतो. भाडेकरूला बहुतेक वेळा आपल्याशी खोटं बोललं गेलं हे कळतच नाही. "गेली का? बरं," म्हणून तो फोन ठेवतो. ज्याला घराची खरी गरज आहे तो त्याच एजंटकडे तीन वेळा जात नाही, दुसऱ्याला पाठवून पडताळत नाही. महिना संपत आलेला असतो, जुन्या घराची चावी द्यायची असते. खोटं पकडायला वेळ आणि जोडीदार दोन्ही लागतात, आणि ते फक्त घर नको असलेल्याकडेच असतात.

विलिस यांच्याबाबतीत न्यायालय तितकंच काटेकोर राहिलं. त्यांना तर प्रत्येक वेळी खरी माहिती मिळाली होती. मग (ड) खाली त्यांची तक्रार कसली? टेस्टर म्हणून त्यांचा दावा टिकला नाही. चाचणीत गोऱ्या माणसाशिवाय काहीच सिद्ध होत नाही, आणि तरी कायद्याच्या नजरेत त्याच्या अंगावर ओरखडा नाही.

कोलमन आणि विलिस दोघांचा आणखी एक दावा होता: मिश्र वस्तीत राहण्याचे सामाजिक आणि व्यावसायिक फायदे या वळवावळवीमुळे आपल्याला मिळत नाहीत. असा दावा तत्त्वतः चालतो, हे न्यायालयाने १९७२ मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आणि १९७९ मधल्या शिकागोजवळच्या बेलवुडच्या खटल्यात आधीच मान्य केलं होतं. पण ते दोघं राहत होते रिचमंड शहरात किंवा हेन्रिको काउंटीत, एवढंच तक्रारीत लिहिलेलं. अख्खं महानगर म्हणजे कुणाचा शेजार? न्यायमूर्ती पॉवेल निकालाशी सहमत होते, पण या ढिसाळपणाबद्दल त्यांनी वेगळं मत नोंदवलं. पॉवेल मूळचे रिचमंडमधलेच वकील. तिथल्या शाळा मंडळाचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलेलं. नकाशावर बोट ठेवून बोलणारा माणूस. तक्रार अधिक नेमकी करायला प्रकरण खाली पाठवलं गेलं.

संस्थेला मात्र मोठं दार उघडलं. हेवन्सच्या वागण्यामुळे आपली माणसं आणि पैसा तपासात आणि निस्तरण्यात गेला, घर शोधणाऱ्यांना सल्ला देण्याचं मूळ काम अडलं, असं होमचं म्हणणं होतं. हे खरं असेल तर ते संस्थेचं ठोस नुकसान आहे, नुसता तत्त्वाचा हिरमोड नव्हे, असं न्यायालय म्हणालं. अमेरिकेतल्या घरहक्काच्या पुढच्या संस्थात्मक लढाया बऱ्याचशा या परिच्छेदावर उभ्या राहिल्या.

मुदत

आता मुदतीचा मुद्दा, ज्याबद्दल लोक या खटल्याची गोष्ट सांगताना बोलत नाहीत.

१८० दिवस मागे मोजले तर कोलमन यांच्या चारही भेटी मुदतीबाहेर जात होत्या. ६ जुलैचीसुद्धा, तीही दिवसांच्या फरकाने. मुदतीत बसत होती ती फक्त १३ जुलैची, कोल्स यांची. न्यायालय म्हणालं, वळवावळवी ही सुटी घटना नसून सतत चालू असलेली पद्धत आहे, म्हणून त्या पद्धतीची शेवटची घटना मुदतीत असेल तर दावा मुदतीत. वस्तीच्या दाव्याला आणि संस्थेच्या दाव्याला हे लागू झालं. पण खरी माहिती मिळण्याचा कोलमन यांचा स्वतःचा हक्क मोडला तो त्यांच्या स्वतःच्या भेटीत. कोल्स यांच्याशी कुणी खोटं बोललं, म्हणून कोलमन यांच्याशी पुन्हा बोललं असं होत नाही. म्हणजे टेस्टरला दावा करता येतो हे ज्यांच्या नावाने ठरलं, त्यांचा तोच दावा मुदतबाह्य ठरला.

पैशांचं बोलायचं तर, सर्वोच्च न्यायालयात प्रकरण असतानाच दोन्ही बाजूंमध्ये समझोता झाला होता. निकाल वादींच्या बाजूने गेला तर प्रत्येकी ४०० डॉलर, विरुद्ध गेला तर काही नाही. एवढी रक्कम पणाला लागलेली आहे, म्हणून वाद जिवंत आहे, असं म्हणूनच न्यायालयाने निकाल दिला.

१९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला. अपंग व्यक्ती आणि लहान मुलं असलेली कुटुंबं संरक्षणाच्या यादीत आली (लिंगभेद १९७४ मध्येच आला होता), सरकारी खात्याला दात आले आणि कोर्टात जायची मुदत दोन वर्षं झाली. त्या मुदतीत कोलमन यांच्या मार्चमधल्या भेटीसुद्धा सहज बसल्या असत्या. पुढे केंद्रीय न्याय खात्यानेही स्वतःचे टेस्टर पाठवायला सुरुवात केली. उलट दिशेनेही वारं वाहिलं. जून २०२४ मध्ये गर्भपाताच्या औषधाबद्दलच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘हेवन्स’ हा वेगळ्या धाटणीचा निकाल असल्याचं म्हटलं आणि संस्थांचा लोकस त्यापलीकडे ताणायला नकार दिला. टेस्टरबद्दलचा भाग आजही जागेवर आहे.

त्या फोनचं काय

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. भाड्याचं घर त्या यादीत नाही. अस्पृश्यतेवरून कुणाला घर घेऊ किंवा राहू न देणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ च्या आणि पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात मात्र ‘भाड्याने घेणे’ हे शब्द स्पष्ट आहेत. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्यांना तो शब्द सुचत नाही असं नाही. धर्मावरून, ताटातल्या मटणावरून, एकट्या बाईला किंवा बॅचलर पोरांना नकार दिला तर मात्र हातात धरायला असं कलम सापडत नाही. सोसायट्यांच्या बाबतीत तर २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी चालवून घेतला.

टेस्टरची पद्धत मात्र इथेही आली, न्यायालयात नाही, अभ्यासात. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी भाड्याच्या घरांची चौकशी केली, फोनवरूनही आणि समक्ष जाऊनही. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले: सवर्ण नावाला दार उघडत होतं, दलित नावाला कमी, मुस्लिम नावाला त्याहून कमी. काहींना थेट नकार, काहींना जास्त भाडं किंवा जादा अटी. कोलमन यांनी मार्चमध्ये तीन वेळा ऐकलं ते यांनी शेकडो वेळा ऐकलं आणि तसंच कागदावर उतरवलं. ते कागद संशोधनपत्रिकेत गेले. ते घेऊन जायला (ड) सारखं उपकलम नव्हतं.

माझ्या सहकाऱ्याला शेवटी घर मिळालं, ओळखीच्या ओळखीतून, दोन हजार जास्त भाडं देऊन. त्या पहिल्या फ्लॅटची जाहिरात पुढचे तीन आठवडे तशीच होती.